पत्रावरची सही दादाची नव्हती

दादा सही इंग्रजीत करतो. बँकेत, शाळेत, पासपोर्टवर, सगळीकडे. मुलांना आमच्यासोबत पाठवण्याच्या संमतीपत्रावर मात्र त्याची सही मराठीत होती, सुवाच्य, गोल अक्षरात. हे मला कळलं सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरच्या काउंटरवर, जहाज सुटायला तीन तास उरले असताना.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. दादा-वहिनीला सुट्टी नव्हती, म्हणून भाचा (१३) आणि भाची (९) यांना घेऊन आम्ही दोघं जाणार होतो. सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. एजंट मिळाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. माणूस बोलायला इतका गोड की पहिल्याच फोनवर मला 'ताई' म्हणाला आणि मी तिथेच विरघळले.

त्याने यादी दिली. सिंगापूरचा व्हिसा, मलेशियाचा व्हिसा, थायलंडचा व्हिसा, सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि 'मायनर क्लिअरन्स'. चौघांचे मिळून ४६ हजार रुपये, क्रूझचं तिकीट वेगळं. मी घासाघीस करून ४२ वर आणले आणि संध्याकाळी नवऱ्यापुढे मिरवलेही.

आता हिशेब सांगते. सिंगापूरचा व्हिसा खरा होता. तो लागतोच आणि वकिलातीने नेमून दिलेल्या एजंटांमार्फत काढतात. व्हिसाची मूळ फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटची दलाली. आमच्या माणसाने ते काम दुसऱ्याच अधिकृत एजंटकडून करून घेतलं होतं. पण मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केलेला होता आणि थायलंडनेही आधीच नोव्हेंबरमध्ये. म्हणजे हे दोन 'व्हिसा' नव्हतेच. त्याने दिलेल्या कागदांवर राजमुद्रा होती, क्यूआर कोड होता. स्कॅन केला तर गूगलचं पान उघडायचं. अरायव्हल कार्ड तर फुकट आहे आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं. याने ते महिनाभर आधी छापून दिलं होतं! तेव्हाच खटकायला हवं होतं. पण प्लॅस्टिकची फाइल, आत रंगीत कागद, प्रत्येकावर नावाचं स्टिकर. कोण उलगडून वाचतो?

उरलं ते 'मायनर क्लिअरन्स'. ज्या एका कागदाची खरोखर गरज होती तो हा, आणि नेमका हाच खोटा निघाला. मुलं आईवडिलांशिवाय निघाली की अनेक क्रूझवाले पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र मागतात. आमच्या बाबतीत तर ते हवंच, कारण आत्याचं आडनाव भाच्यांशी जुळत नाही. मी दादाला म्हणाले, नाशिकहून एक दिवस ये, सही करून जा. एजंट म्हणाला, "ताई, त्यांना कशाला त्रास? आधार आणि पासपोर्टच्या कॉपी पाठवा, मी मॅनेज करतो." आम्ही सगळे 'बरं झालं' म्हणालो. इथे दोष आमचा आहे, तो मी झाकत नाही. सही करणारा समोर नसताना नोटरी होते, याचा अर्थ काय, हे न कळायला आम्ही काही लहान नव्हतो.

काउंटरवरच्या मुलीने पत्र आणि सोबत जोडलेली दादाच्या पासपोर्टची कॉपी शेजारी शेजारी ठेवली. मग तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, ही कोण? तिथे एका अनोळखी मुलीचं नाव आणि पासपोर्ट नंबर होता. आधीच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं पत्र, नावं बदलून तयार केलेलं. एका ठिकाणी बदलायचं राहून गेलं होतं. नोटरीच्या शिक्क्यावरची मुदतही २०२२ लाच संपलेली.

दादाला व्हिडिओ कॉल लावला, वहिनी रडकुंडीला आली. ती मुलगी सभ्यपणे ऐकत राहिली आणि नाही म्हणत राहिली. तिचं काही चुकलं नाही. दुसऱ्याची मुलं समुद्रापार नेणाऱ्या माणसाचं बनावट पत्र पकडल्यावर तिने दुसरं काय करायचं? संध्याकाळी मरीना बराज या बंधाऱ्याच्या गच्चीवरून आम्ही जहाज जाताना पाहिलं. भाचीने टाटा केला. तिकिटाचे पैसे बुडाले. चार दिवस एका छोट्या खोलीत चौघं राहिलो आणि परतीच्या विमानाने आलो.

घरी आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. पैसे यूपीआयने एका बाईच्या खात्यात गेले होते, बिलावर जीएसटी नंबर नव्हता आणि 'ऑफिस'चा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. दुकानदार बिचारा कंटाळलेला. म्हणाला, तुम्ही पहिल्या नाही. एजंटने ६ हजार परत केले, 'ताई, बाकीचे आठवड्यात' असा मेसेज टाकला आणि नंबर ब्लॉक केला.

दिवाळीत दादा-वहिनी ठाण्याला आले तेव्हा आम्ही कोर्टाजवळच्या नोटरीकडे जाऊन खरं पत्र करून पाहिलं, केवळ बघायला. दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या, त्यांनी ओळखपत्रं पाहिली, रजिस्टरमध्ये नोंद करून तिथेही सह्या घेतल्या. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा झेरॉक्सला.

पोलिसांना दिलेल्या अर्जात मी त्या अनोळखी मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. तिचा पासपोर्ट नंबर आमच्या फाइलमध्ये फिरत आला, तसे आमच्या दोन्ही मुलांचे नंबर आता कुणाच्या तिसऱ्या परिच्छेदात बसले असतील, कोण जाणे.