स्नायपर थ्रिलर निवडताना: 'पॉइंट ऑफ इम्पॅक्ट', 'वॉर ऑफ द रॅट्स' की 'किल झोन'?

स्नायपरवरच्या कादंबऱ्यांबद्दल वाचकांची मतं चाळली की एकच पुस्तक एकाला 'खाली ठेववत नाही' असं वाटतं, तर दुसऱ्याला 'शंभर पानं झाली तरी काही घडत नाही' असं. दोघंही खरंच सांगत असतात. या प्रकारात उत्कंठा कुठून येते ते बरंचसं गोळी किती लांबून झाडली जाते यावर ठरतं, आणि बहुतेक तक्रारींचं मूळही तिथेच सापडतं. इथे तीन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कथानकाचा उलगडा कुठेही केलेला नाही.

स्टीफन हंटर यांची 'पॉइंट ऑफ इम्पॅक्ट' 1993 सालची. व्हिएतनाममध्ये जखमी होऊन मरीन दलातून बाहेर पडलेला बॉब ली स्वॅगर आर्कान्सासच्या डोंगरात एकटा राहतो. नव्या काडतुसांची चाचणी घेण्याच्या निमित्ताने काही लोक त्याच्याकडे येतात आणि पुढे तो एका कटात अडकतो. डेव्हिड एल. रॉबिन्स यांची 'वॉर ऑफ द रॅट्स' (1999) स्टालिनग्राडमध्ये घडते. सोव्हिएत नेमबाज वासिली झायत्सेव आणि त्याला संपवायला पाठवलेला जर्मन नेमबाज यांचा तो सामना आहे. 'किल झोन' (2007) लिहिली जॅक कॉफलिन आणि डोनाल्ड ए. डेव्हिस यांनी. कॉफलिन स्वतः अमेरिकी मरीन दलात स्नायपर होते. त्यांचा नायक काइल स्वॅन्सन एका अपहृत जनरलच्या सुटकेसाठी निघतो.

लांब पल्ला आणि हंटरचा हिशेब

'पॉइंट ऑफ इम्पॅक्ट'मधला महत्त्वाचा प्रश्न असा: हजार यार्डांच्याही पलीकडून, म्हणजे 900 मीटरहून लांबून, एका माणसावर गोळी झाडायची तर कुठून, कधी आणि कोणत्या हवामानात? ज्यांना हा भाग रटाळ वाटतो त्यांनी अडचण काय आहे ते एकदा समजून घ्यावं.

7.62 मिलिमीटरची नेहमीची स्नायपर गोळी नळीतून सेकंदाला साधारण 800 मीटर वेगाने निघते. 900 मीटर गाठायला तिला दीड ते पावणेदोन सेकंद लागतात, कारण हवा तिला सतत मंदावते. तेवढ्या वेळात माणूस एक पाऊल टाकतो, मान वळवतो, बोलता बोलता बाजूला सरकतो. ताशी 16 किलोमीटरचा वारा आडवा वाहत असेल, तर याच अंतरावर गोळी दोन मीटरहून जास्त बाजूला जाते. नेमबाजाजवळचा वारा, मधल्या दरीतला वारा आणि लक्ष्याजवळचा वारा एकसारखा असेलच असंही नाही. त्यात पहिली गोळी थंड नळीतून सुटते. ती पुढच्या गोळ्यांपेक्षा थोडी वेगळीकडे लागू शकते, आणि स्नायपरला बहुतेक वेळा तेवढी एकच गोळी मिळते.

हंटर हा सगळा हिशेब पानापानांवर मांडतात. काडतुसात दारू किती, गोळीचं वजन किती, नळीला कोणता लाकडी भाग कुठे टेकतो, सगळं येतं. 'नको इतकी माहिती' हीच या पुस्तकावरची सगळ्यात नेहमीची तक्रार. पण ते परिच्छेद गाळून वाचू नका. शेवटचा उलगडा बंदुकीच्याच एका तांत्रिक बाबीवर उभा आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केलेल्यांना शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि लक्ष देऊन वाचलेल्यांना तोच सगळ्यात समाधान देणारा वाटतो.

दुसरी तक्रार जास्त रास्त आहे: स्वॅगर फारच अजिंक्य वाटतो. मधल्या भागात त्याच्यावर येणारी संकटं खरी, पण तो चुकेल अशी भीती क्वचितच वाटते. ती कमतरता निक मेम्फिस हा एफबीआयचा माणूस भरून काढतो. तो चुकतो, स्वतःवरच शंका घेतो, आणि त्यामुळे कथेला माणसाचं वजन येतं. स्वॅगरमागे खऱ्या कार्लोस हॅथकॉकची छाया आहे. व्हिएतनाममध्ये शत्रूला टिपल्याच्या 93 अधिकृत नोंदी असलेला हा मरीन स्नायपर 1967 मध्ये दुर्बीण बसवलेल्या जड मशीनगनमधून सुमारे 2,286 मीटरवर नेम साधून गेला, आणि तो विक्रम 2002 पर्यंत टिकला. त्यामुळे 'असा माणूस असू शकत नाही' हा आक्षेप टिकत नाही. 'असा माणूस कथेत कंटाळवाणा होऊ शकतो' हा मात्र टिकतो.

जवळचा पल्ला: स्टालिनग्राड

इथे सगळं उलटं. झायत्सेवकडे मोसिन-नागांत रायफल होती आणि तिच्यावरची दुर्बीण जेमतेम साडेतीन-चार पटीची. पडक्या कारखान्यांच्या ढिगाऱ्यांत अंतर सहसा काहीशे मीटरच असायचं. तेवढ्यावर वाऱ्याचा हिशेब फार मोठा उरत नाही. प्रश्न उरतो तो समोरचा नक्की कुठे आहे एवढाच. एखादा पत्र्याचा तुकडा, विटांमधली फट, सूर्याच्या दिशेने चुकून चमकलेली काच. त्यामुळे 'वॉर ऑफ द रॅट्स'मधली उत्कंठा वाट पाहण्यातून येते.

म्हणूनच 'संथ' हा शब्द या पुस्तकाबद्दल स्तुती म्हणूनही वापरला जातो आणि तक्रार म्हणूनही. थंडीत तासन् तास पडून राहणं, हात बधिर होऊ न देणं, श्वासाची वाफ दिसणार नाही याची काळजी घेणं, हे रॉबिन्स घाई न करता लिहितात. ज्यांना दर दहा पानांनी स्फोट हवा त्यांनी हे घेऊ नये. बाकीच्यांसाठी यातलं उत्तम काम म्हणजे कथा दोन्ही बाजूंनी सांगणं. निकी मोंड हा जर्मन शिपाई वाचकाला शत्रूच्या खंदकात नेतो, आणि तिथेही भूक आणि भीती तीच असते. तानिया चेर्नोवा आणि झायत्सेव यांचं प्रेमप्रकरण मात्र अनेकांना खटकतं. ते कथेला चिकटवल्यासारखं वाटतं, हे मत पटण्याजोगं आहे.

इतिहास म्हणून वाचणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झायत्सेव खरा. 10 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर 1942 या काळात त्याच्या नावावर 225 सैनिक मोजले गेले. त्याच्या आडनावाचं मूळ रशियनमधल्या 'ससा' या शब्दात आहे आणि त्याच्या शिष्यांना सशाची पिल्लं म्हणत, हेही खरं. पण खास त्याच्यासाठी आलेल्या जर्मन नेमबाजाचा पुरावा जर्मन कागदपत्रांत मिळालेला नाही, आणि बरेच इतिहासकार तो सामना प्रचारातून वाढलेला मानतात. कादंबरी म्हणून याने काही बिघडत नाही. झायत्सेव 1991 पर्यंत जगला हे माहीत असूनही शेवटची प्रकरणं छाती आवळतात, हे लेखकाचं खरं कसब.

'किल झोन': हिशेब यंत्राकडे

स्वॅन्सनच्या हातात एक खास कल्पित रायफल आहे. तिच्या दुर्बिणीतच अंतर आणि दुरुस्ती मिळते. याचा परिणाम सरळ आहे. नेम लागेल की नाही याची काळजी वाचकाला उरत नाही, म्हणून ताण दुसरीकडे सरकतो: आत फितूर कोण, आणि परत कसं यायचं. पुस्तक पळतं. शनिवारी धरलं तर रविवारी संपेल.

सैन्याची भाषा, हुद्द्यांमधली ओढाताण, मोहीम फसल्यावर पहिल्या काही मिनिटांत कोण काय करतं, हे कॉफलिन यांच्या अनुभवामुळे ठाशीव उतरतं. खलपात्रं मात्र एकाच रंगाची आहेत आणि राजकारण ढोबळ. ज्यांनी या पुस्तकाला कमी गुण दिले त्यांचा रोख बहुधा यावरच असतो, युद्धाच्या दृश्यांवर क्वचित.

मतं वाचताना

खरेपणाबद्दलच्या शेऱ्यांकडे थोडं बारकाईनं पाहा. एखादी कादंबरी 'अस्सल' आहे की नाही हे तपासायच्या खुणा साध्या आहेत. सायलेन्सर लावला की रायफल निःशब्द होते असं लिहिलं असेल तर चूक. नळीच्या तोंडाचा धमाका दबतो, पण आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका राहतोच. 900 मीटरवरच्या माणसाला आधी गोळी लागते आणि बंदुकीचा आवाज त्यानंतर साधारण सेकंदभराने पोहोचतो. आधी आवाज ऐकून कुणी खाली वाकला, तर लेखकाने गडबड केली आहे. डोंगरावरून खाली नेम धरताना गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते, आणि खालून वर धरतानाही वरच लागते. दुसरा नियम बरेच लेखक उलटा लिहितात. स्पॉटर हा नुसता सोबती दाखवला असेल तरी शंका घ्या. वारा वाचणं आणि गोळी कुठे पडली ते पाहणं त्याचं काम, आणि अनेकदा जोडीतला जास्त अनुभवी तोच असतो.

तरीही केवळ या चुकांसाठी पुस्तक नाकारू नये. बंदुकीचं ज्ञान अचूक आणि माणसं लाकडी, हा दोष या प्रकारात जास्त आढळतो आणि जास्त त्रास देतो.

मग कोणतं आधी?

कट, तपास आणि नियोजन आवडत असेल, आणि सुरुवातीच्या शंभर पानांना वेळ द्यायची तयारी असेल, तर 'पॉइंट ऑफ इम्पॅक्ट'. तिघांत सगळ्यात भक्कम तेच. युद्धकादंबऱ्या आवडणाऱ्यांनी, किंवा बंदुकीपेक्षा माणसात रस असणाऱ्यांनी 'वॉर ऑफ द रॅट्स' घ्यावं. तिथे तांत्रिक शब्दांची अडचणही सगळ्यात कमी. बऱ्याच दिवसांत काही वाचलेलं नाही आणि वेग हवा आहे, तर 'किल झोन'.

'वॉर ऑफ द रॅट्स' स्वतंत्रपणे वाचता येतं. बाकी दोन्ही पुस्तकं मालिकांची सुरुवात आहेत. हंटर पुढे वाचायचे असतील तर 'ब्लॅक लाइट' (1996) आणि मग 'टाइम टू हंट' (1998) असा क्रम ठेवा. 'टाइम टू हंट' मागे व्हिएतनाममध्ये जाऊन स्वॅगरच्या स्पॉटरची गोष्ट सांगते, म्हणून काळाच्या क्रमाने तीच आधी वाचावी असा सल्ला कधी कधी मिळतो. तो मानू नका. स्वॅगर कोणाबद्दल गप्प आहे हे पहिल्या पुस्तकात हळूहळू कळण्यात जी गंमत आहे, ती मग राहत नाही.