चित्रातला आंबा सरकलेला होता

आमच्या अंगणातला आंबा घराच्या पायरीपासून साडेअकरा फुटांवर आहे. सासऱ्यांनी लावलेला. अंगणाचं काम घेतलेल्या मुलाने लॅपटॉपवर दाखवलेल्या चित्रात मात्र तो पार कंपाउंडच्या भिंतीला टेकला होता. मधल्या मोकळ्या जागेत लाकडी पर्गोला, म्हणजे वर आडव्या पट्ट्यांचा उघडा मांडव, त्याखाली वेताच्या खुर्च्या आणि एका खुर्चीवर उघडं ठेवलेलं पुस्तक. मी ते पुस्तक बघितलं. आंबा बघितला नाही.

35 वर्षं बँकेत लोकांचे कर्जाचे कागद तपासले, खोट्या सह्या पकडल्या, आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी स्वतः फसायची वेळ आली. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

चेंबूरला आमचं जुनं घर आहे. तळमजला आणि वर एक मजला, पुढच्या व्हरांड्यावर मंगलोरी कौलं. आजूबाजूचे बंगले एकेक करून टॉवर झाले, आमचं राहिलंय. पुढच्या अंगणात दुपारी बसता येईल अशी सावली हवी आणि मधुमालती चढवायला आधार हवा, एवढीच माझी इच्छा. ओळखीच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या मुलाचं नाव आलं. मराठी, बोलायला गोड, पहिल्याच भेटीत "काकू". घराची तोंड भरून स्तुती केली. "असं कौलारू घर आता मुंबईत बघायला मिळत नाही काकू, याला शोभेलसंच काहीतरी करू." फोनवर दहा-बारा फोटो काढले. टेप काढलीच नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

सासूबाईंना मी चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, मांडव म्हण की. पडवळाला घालतात तो." किंमत ऐकल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

किंमत दोन लाख साठ हजार. कोटेशनमध्ये एकच ओळ: "सागवान पर्गोला, 14 बाय 10, सप्लाय आणि फिटिंगसह." म्हणजे लमसम, सगळं मिळून एकच आकडा. इथे माझी पहिली मोठी चूक झाली. लाकूड घनफुटावर विकतात आणि हिशेब अगदी शाळकरी आहे: जाडी आणि रुंदी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागायचं. आमच्या चित्रात पाच बाय पाचचे नऊ फुटी चार खांब होते, सहा बाय तीनच्या दोन तुळया आणि चार बाय दोनच्या अकरा आडव्या पट्ट्या. सगळं मिळून सोळा घनफूटही भरत नाही. नंतर एका लाकूडवाल्याकडे चौकशी केली तेव्हा चांगल्या सागाचा भाव त्याने साडेचार हजारांच्या आसपास सांगितला. म्हणजे लाकूड झालं साधारण 72 हजारांचं. घट धरा, मजुरी धरा, पॉलिश धरा, त्याचा नफा धरा, तरी दोन साठ होत नाहीत. आणि मुळात मला मिळालं ते सागवान नव्हतंच.

नमुना मात्र अस्सल होता. वीतभर तुकडा, सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, हुंगला की जुन्या चामड्यासारखा वास. "बर्मा टीक, काकू. ओंडक्यांचा ताजा लॉट आलाय." तुकडा दाखवला आणि परत बॅगेत टाकला. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात 1 एप्रिल 2014 पासून बंद केली आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुंबईत आज खरा जुना बर्मा साग मिळतो तो बहुतेक पाडलेल्या चाळींतला, तुळया आणि दरवाज्यांच्या चौकटींमधला. बाकी साग येतो तो आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा, नाहीतर आपला बल्लारशाकडचा. त्यात वाईट काही नाही, पण ज्याचं नाव सांगाल ते द्या ना.

निम्मी रक्कम, एक लाख तीस हजार, चेकने दिली. माल आल्यावर चाळीस टक्के. माल आला रात्री साडेनऊला, टेम्पोतून, तोही रंगून. गडद अक्रोडी रंग, वर चकचकीत कोट. मी विचारलं, पॉलिश इथे येऊन करणार होतात ना? "कारखान्यात केलं की फिनिश चांगलं येतं, काकू. तुमच्या घरात धूळ नको." माझ्या घरातल्या धुळीची एवढी काळजी! रंगलेल्या लाकडाचे रेषे दिसत नाहीत, गाठी दिसत नाहीत, वासही येत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात तर काहीच कळत नाही. लाकूड दिवसा उतरवून घ्या आणि कोरं घ्या. फक्त एवढं केलं असतं तरी मी वाचले असते.

त्याच रात्री एक लाख चार हजार रोख दिले. "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल." बँकेतल्या बाईने हे ऐकलं, आणि पावती न घेता दिले. ह्यांनी नंतर एक शब्दही काढला नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब उभे करायला घेतल्यावर खरी गंमत कळली. व्हरांड्याच्या कौलांची कड जमिनीपासून साडेसात फुटांवर येते. पर्गोला नऊ फुटांचा. चित्रात कौलं वर कापलेली होती, त्यामुळे हा प्रश्नच दिसत नव्हता. पोरांनी तिथेच खांब कापले आणि सगळं कौलांच्या खाली दडपलं. ह्यांची उंची सहा फूट. तुळईखालून जाताना ते आपसूक मान खाली घालायला लागले. पलीकडचे दोन खांब आंब्याच्या खोडापासून दीड फुटावर आले. खड्डे काढताना अंगठ्याएवढी मुळं तुटली. मी आरडाओरडा केला, तर म्हणाले साहेबांना विचारा. साहेब फोन उचलत नव्हते.

खांब कापले तेव्हा आतलं लाकूड पांढरट पिवळं निघालं. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. संध्याकाळी साहेब आले, त्यांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "काकू, सागवान कापल्यावर फिकंच दिसतं, हवा लागली की काळवंडतं." यात वाईट हे की हे अर्धं खरं आहे. ताजा कापलेला साग हवेने गडद होतो खरा, पण आधी तो गव्हाळ-सोनेरी असतो आणि गाभा दिसतो. पूर्ण खोटं मी पकडलं असतं. हे अर्धं होतं. स्क्रू स्टेनलेसचे आहेत हे दाखवायला त्याने खिशातून चुंबक काढून लावला, चिकटला नाही. मी खूश. 202 ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि आपल्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजतं, हे खांबांवर तांबूस ओघळ उतरायला लागल्यावर कळलं.

हे झालं फेब्रुवारी 2022 मध्ये. राहिलेले 26 हजार मी अडवून धरले होते, त्याबद्दल त्याने कधी फोनही केला नाही. तेव्हा मला तो सज्जनपणा वाटला.

मे महिन्यात नणंद आली होती. दुपारी बाराला हौसेने खाली बसलो आणि दहा मिनिटांत उठलो. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. अशा वेळी आडव्या पट्ट्यांची सावली फक्त त्यांच्या रुंदीएवढी पडते. चौदा फुटांत दोन इंची अकरा पट्ट्या म्हणजे 168 इंचांत 22 इंच सावली. बाकी सगळं ऊन. मग चित्रात इतकी गर्द, पट्ट्यापट्ट्यांची सावली कशी होती? मी ते चित्र फोनवर पुन्हा उघडलं. त्यात ऊन डाव्या बाजूने, खालून तिरपं येत होतं. आमच्या अंगणात ती बाजू उत्तर. उत्तरेकडून असं तिरपं ऊन आपल्याकडे कुठल्याच महिन्यात येत नाही. घर आमचं होतं, पण त्यावरचं ऊन कुठल्या तरी परदेशातल्या फोटोतलं होतं. तो पर्गोलाही तिथलाच, जिथे लोकांना ऊन हवं असतं. तो उचलून आमच्या फोटोवर चिकटवला आणि आंबा आड येत होता म्हणून सरकवला. आपल्याकडे खरा त्रास दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाचा आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या झडीचा. त्या बाजूला चित्रात काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात तुळईवर चिकट थेंब दिसायला लागले. पॉलिश फोडून मधासारखा चीक बाहेर येत होता. मला वाटलं आंब्याचा.

मग पावसाळा. मुंबईत चार महिन्यांत 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आमच्या कौलांवरचा बराचसा त्या तुळईवर पडत होता. पागोळ्यांची रांग नेमकी तिच्यावर. पहिल्या पावसाळ्यात पॉलिश फुगलं, पापुद्रे सुटले, खाली काळेनिळे डाग. फोन लावला, नंबर बंद. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै 2023 ला, पुढचा खांब हाताने हलला.

तेव्हा आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. मूळ संगमेश्वरकडचे, आमचं स्वयंपाकघर त्यांनीच केलेलं. काही न बोलता त्यांनी पटाशी काढली, खांबाच्या बुंध्यात टोचली, ती लोण्यात जावी तशी दोन इंच आत गेली. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरलेला होता. त्यात पाणी साचत राहणार, वर वाळवीला आयती वाट. मग वर चढून त्यांनी तुळईचा कोरडा भाग रंधून काढला आणि ढलपी माझ्या हातात दिली. रंगकामाच्या टर्पेंटाइनचा वास. टर्पेंटाइन बनतं ते याच झाडाच्या चिकापासून.

"पाईन हाय वहिनी. याचे खोके करतात."

"चांगलं नसतं का ते?"

"घरात चालतं. औषध मारलेलं असलं तर भाईर पण चालतं. याला नुस्ता रंग मारलाय."

ज्यांना लेखी पुरावा हवा त्यांच्यासाठी सांगते, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा तुकडा तपासून जात ओळखून देतात. मला मिस्त्रींची पटाशी पुरली.

तक्रारीचं सांगते, कारण इथेही माझंच चुकलं. ग्राहक आयोगाकडे वकिलाशिवाय जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. 1915 या हेल्पलाइनवरून सुरुवात करता येते. मी सगळं केलं. पण हातात काय होतं? एका चेकची नोंद, कोटेशनचा कागद आणि "सागवानच आहे काकू 🙏" असा एक मेसेज. रोख दिलेल्या रकमेचा मागमूस नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस परत आली, त्या पत्त्यावर या नावाचं कुणी राहतच नव्हतं. मग लेटरहेडवरचा जीएसटी नंबर तपासायला घेतला. तो 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. याचा 27 ने सुरू होत होता, पण मोजले तर चौदाच भरले. दोन मिनिटांचं काम. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव-पत्ता समोर येतो. पैसे देण्याआधी मी कधी मोजलेच नाहीत.

मागच्या दिवाळीआधी मिस्त्रींनी नवा मांडव घातला. आधी दोन दिवस ते नुसते येऊन बसले, एकदा सकाळी, एकदा चार वाजता. मग सात फुटांतच थांबू म्हणाले, आंब्याची मुळं सोडून. उतार कौलांच्या उताराशी जुळवला, कौलांच्या कडेला पन्हळ लावली, खांब जमिनीपासून दीड इंच वर, लोखंडी बुटांत उभे केले. ओशिवऱ्याच्या जुन्या लाकडाच्या बाजारातून पाडलेल्या चाळीचा साग आणला. खिळ्यांची भोकं तशीच आहेत. पट्ट्या जवळजवळ आणि पश्चिमेला जाळी, तिच्यावर मधुमालती. सगळे मिळून एक लाख अडतीस हजार, घनफुटाच्या हिशेबासकट पक्कं बिल. सासूबाई रोज दुपारी तिथे शेंगा सोलत बसतात.

त्या मुलाचं दुकान नव्या नावाने इन्स्टाग्रामवर सुरू आहे. भाचीने दाखवलं. त्यात "चेंबूरमधील पूर्ण झालेलं काम" म्हणून आमच्या घराचं चित्र टाकलंय: मंगलोरी कौलं, वेताच्या खुर्च्या, उघडं पुस्तक, डावीकडून खालून येणारं ऊन, आणि भिंतीला टेकलेला आंबा. कुणाला ते दाखवून नवं काम घेत असेल, तर ते घर आमचं आहे. येऊन बघा. आंबा पायरीपासून साडेअकरा फुटांवर आहे.