एकच बी, तीन भाजण्या: सात महिन्यांचा अनुभव

सात महिने घरात एकच कॉफी आणतेय, चिकमगळूरची, अरेबिका जातीची. एकाच मळ्याची, फक्त भाजणी वेगळी: लाइट, मीडियम, डार्क. दळण घरीच, हँड ग्राइंडरवर. फरक तिथेच हाताला कळतो. लाइटचे दाणे कोरडे आणि इतके टणक की दांडा फिरवून मनगट भरून येतं. डार्कचे दाणे ठिसूळ, चटकन दळले जातात, पण बोटांना तेल लागतं.

लाइटने आधी निराशा केली. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे पूड पाण्यात मुरवून जाळीने खाली दाबायच्या भांड्यात, १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी, चार मिनिटं; कॉफी पाणचट आणि नुसती आंबट. चूक माझ्या पद्धतीत होती. कमी भाजलेला दाणा घट्ट असतो, अर्क सहज सोडत नाही. दळण थोडं बारीक केलं, पाणी उकळी फुटताच ओतलं आणि त्याच पाकिटातून संत्र्याच्या सालीसारखा आंबटगोड स्वाद आला. त्या दिवशी मी दुसरा कप लगेच केला. दुधात मात्र ही कॉफी घालू नका, तिचं सगळं हरवतं.

शेंगदाणे भाजणाऱ्याला भाजणीतला हा फरक समजवावा लागत नाही. कच्चट, खमंग, करपट या पायऱ्या इथेही आहेत. साधारण २०० अंशांच्या आसपास दाणा पहिल्यांदा तडतडतो, लाइट त्यानंतर लवकरच उतरवतात. पुढे आम्लं मोडत जातात, साखर करपायला लागते, कडवटपणा चढतो. दुसऱ्या तडतडीच्या पुढे बियापेक्षा भाजणीचीच चव जास्त लागते.

डार्क म्हणजे जास्त कॅफीन, हा समज सोडा. भाजताना कॅफीन फारसं बदलत नाही, कडू लागतं ते भाजणीमुळे. डार्कचा दाणा फुगलेला आणि हलका, चमच्यात कमी वजनाचा भरतो, म्हणून कॉफी चमच्याने न घेता वजनाने घ्या.

डार्कचा एक वाईट अनुभवही आला. एका दुकानातून आणलेल्या पाकिटावर भाजल्याची तारीखच नव्हती. उघडलं तर खवट वास, जुन्या खोबऱ्यासारखा. तेल वर आलेलं असल्याने डार्क लवकर बिघडते. तेव्हापासून तारीख नसलेलं पाकीट मी घेत नाही.

आता सकाळी माझ्यासाठी बिनदुधाची मीडियम. भाजक्या बदामाचा वास आणि शेवटी किंचित आंबटपणा. आईसाठी स्टीलच्या फिल्टरमध्ये डार्क, कारण दूध-साखरेतही तिची चव दबत नाही. लाइट रविवारी, सावकाश दळून.