गाडीच्या काचेवरचा क्यूआर पार्किंग टॅग: घ्यावा का?

पुण्यात पेठांमध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको. वाडा पाडून बिल्डिंग झाली, फ्लॅट वाढले, पार्किंग मात्र खांबांच्या मधे जेवढं बसेल तेवढंच, त्यामुळे एकामागे एक गाड्या लागतात आणि सकाळी बघावं तर आपल्यापुढे कुणा पाहुण्याची गाडी, मालक कोण ते वॉचमनकाकांनाही माहीत नसतं. आमच्याकडे सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं असतं, तिथे वेळ ठरलेली, उशीर झाला की मागचा पेशंट खोळंबतो, म्हणून अडकलेल्या माणसाला गाडीच्या मालकाला फोन लावता यावा यासाठीचा हा टॅग घ्यावा का, हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो.

बरेच जण म्हणतात सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाक, मालक सापडेल. नाही सापडत. गाडीचं मॉडेल, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं पण नावाची अर्धी अक्षरं झाकलेली असतात आणि मोबाईल नंबर दिसतच नाही, आणि ते बरोबरच आहे, कुणीही कुणाची गाडी बघून त्याला फोन करायला लागला तर बायकांनी गाडी बाहेर काढायलाच नको. रस्त्यावर कुणी आडवी लावली असेल तर ट्रॅफिक पोलिसांना कळवता येतं, नो पार्किंगला आपल्याकडे पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केलं तर १५०० रुपये दंड आहे, पण सोसायटीच्या गेटच्या आतल्या प्रकरणात ते सहसा पडत नाहीत.

पूर्वी लोक गाडी न्यूट्रलला टाकून हँडब्रेक न लावता जायचे, दोघांनी ढकलली की झालं. आता ऑटोमॅटिक गाड्या आल्या, पी म्हणजे पार्किंग मोडला टाकून इलेक्ट्रिक ब्रेक लावला की ती जागची हलत नाही, म्हणजे मालकाला बोलावण्यावाचून पर्यायच उरत नाही.

तर टॅगबद्दल. ऑनलाइन दोनशेच्या आसपास मिळाला, काचेला आतून लावायचा, मोबाईल आणि गाडीचा नंबर टाकून ओटीपीने ॲक्टिव्हेट करायचा. समोरच्याने साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केला की पेज उघडतं, त्यात कारण निवडायचं (गाडी आडवी आहे, लाइट चालू राहिलीय, काच उघडी आहे, टो करतायत वगैरे), नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे टाकायचे की कॉल लागतो, दोघांचेही नंबर एकमेकांना दिसत नाहीत. डॅशबोर्डवर कागदावर मोबाईल नंबर लिहून ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं, मला तरी तो कागद ठेवायची कायम भीती वाटायची.

पण अडचणी आहेत. कॉल अनोळखी नंबरवरून येतो आणि लोनवाल्यांचे फोन समजून लोक उचलत नाहीत, त्यामुळे टॅग लावला की आधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून बघा आणि जो नंबर येतो तो ‘पार्किंग’ नावाने सेव्ह करा. बेसमेंटमध्ये रेंज नसते, तिथे पेजच उघडत नाही. काही टॅगमध्ये मोजकेच कॉल फुकट आणि नंतर रिचार्ज, हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं, घेण्याआधी नीट वाचा. आणि स्कॅन करणाऱ्याला ॲप डाउनलोड करायला लावणारा टॅग तर घेऊच नका, अडकलेला माणूस घाईत असतो, तो सरळ हॉर्नच वाजवणार.

मुख्य गोष्ट म्हणजे मी टॅग लावल्याने माझी सोय होत नाही, माझ्यामुळे जो अडकेल त्याची होते. मला सुटायचं असेल तर पुढच्या गाडीवर टॅग पाहिजे. म्हणून एकट्यासाठी घेणाऱ्याला मी तीन स्टार देईन, पण अख्ख्या सोसायटीने मीटिंगमध्ये ठरवून सगळ्या गाड्यांना लावले तर पाच. ते होईपर्यंत गेटवरच्या वहीत प्रत्येक पाहुण्याचा गाडी नंबर, फ्लॅट नंबर आणि मोबाईल लिहून घ्यायला लावा, आणि ती वही फक्त वॉचमनकाकांकडेच राहू दे, सोसायटीच्या ग्रुपवर तिचे फोटो टाकू नका. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी तर रात्रीच खाली जाऊन आपल्यापुढे कोणाची गाडी आहे ते बघून त्यांना सांगून ठेवावं, कितीला निघायचंय ते. आमच्याकडे पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये टॅगचा विषय घ्यायला मी सेक्रेटरींना लेखी दिलंय.