ब्लेंडरची ग्रीस पेन्सिल : डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थिनीचा नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमधली ग्रीस पेन्सिल, म्हणजे पडद्यावर हाताने चित्रे काढून ती हलती करण्याचे साधन, मी गेल्या जुलैपासून या मार्चअखेरपर्यंत जवळजवळ रोज वापरली आणि पदवीच्या अंतिम वर्षाची माझी ॲनिमेशन फिल्म तिच्यावर पूर्ण केली. फिल्म दोन मिनिटे चाळीस सेकंदांची आहे. ब्रश किती आहेत, रेष किती गुळगुळीत येते, महागड्या सॉफ्टवेअरच्या तुलनेत ही कुठे बसते, याविषयी पुष्कळांनी लिहिलेले आहे. मला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन अवघड करणारी अध्ययन अक्षमता, असल्यामुळे मी एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधत होते आणि ते मला कोणाच्याच लेखनात सापडले नाही. या साधनावर काम करताना वाचावे किती लागते, एवढेच मला हवे होते.

माझी चाचणी सहावीत झाली. दहावीला वाढीव वेळ मिळाला आणि शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले गेले नाहीत. महाराष्ट्रात अशा सवलती 1996 पासून आहेत, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही कॉलेजात प्रवेश घेताना मी प्रमाणपत्र कागदपत्रांच्या तळाशी ठेवले आणि तिथेच राहू दिले. चित्र काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात वाचायचे काय असणार, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पटकथा, शॉटची यादी, वेळापत्रक, लेखी अहवाल आणि सर्वांत वाईट म्हणजे एक्स-शीट, इतके सगळे वाचायचे असते.

एक्स-शीट म्हणजे कोणते चित्र कितव्या फ्रेमला येणार आणि किती फ्रेम थांबणार, हे आकड्यांच्या उभ्या रकान्यांत लिहिलेले कागद. सेकंदाला 24 फ्रेम आणि दोन फ्रेमना एक चित्र धरले तर सेकंदाला बारा चित्रे होतात. माझ्या फिल्मच्या 160 सेकंदांचे हे गणित 1920 चित्रांवर जाते. थांबे आणि पुन्हा वापरलेली चित्रे वजा जाता मी साधारण तेराशे काढली, पण नोंद मात्र सगळ्या फ्रेमची ठेवावी लागते. दुसऱ्या वर्षाला मी ही शीट वर्गमित्राकडून भरून घेत असे आणि त्या बदल्यात त्याची पार्श्वचित्रे रंगवून देत असे. हा व्यवहार आम्हा दोघांनाही सोयीचा होता, त्यामुळे माझी अडचण कोणाच्या लक्षात आली नाही, आणि तसे होऊ नये हीच माझी इच्छा होती.

ग्रीस पेन्सिलने मला पहिल्यांदा धरून ठेवले ते इथे. ब्लेंडरच्या डोप शीटमध्ये तीच माहिती आडव्या रेषेवर ठिपक्यांच्या, खरे तर पत्त्यांतल्या चौकटसारख्या छोट्या खुणांच्या रूपात दिसते. प्रत्येक चित्राचा एक ठिपका असतो आणि त्याचा प्रकार बदलला की रंगही बदलतो. टोकाच्या मुद्रांना मी गुलाबी, मधल्या चित्रांना निळा आणि अजून साफ न केलेल्या चित्रांना हिरवा रंग दिला. दोन ठिपक्यांतले अंतर म्हणजेच वेळ; ते डोळ्यांनी मोजता येते आणि चिमटीत धरून सरकवताही येते. ओनियन स्किनमध्येही (शेजारची चित्रे पुसट दाखवण्याच्या सोयीत) मागचे चित्र हिरव्या आणि पुढचे निळ्या छटेत दिसते, त्यामुळे मागे कोणते आणि पुढे कोणते हे शब्दांत कुठेही वाचावे लागत नाही. जो क्रम मी लहानपणापासून डोक्यात धरून ठेवण्याचा प्रयत्न करत आले आणि जो दर वेळी निसटला, तो इथे माझ्या डोक्याबाहेर, पडद्यावर, जसाच्या तसा पडून असे. जेवून आले तरी तो तिथेच असे. ज्यांचा क्रम कधी निसटत नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही.

सुरुवातीचा महिना मात्र फार कठीण गेला, हे सांगितलेच पाहिजे. पडद्यावर चारही बाजूंना बारीक इंग्रजी अक्षरे असतात आणि एका मेनूतून दुसरा मेनू निघतो. मी सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे प्रमाण 1.3 केले आणि अक्षरांचा टाइपही बदलून पाहिला. डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेल्या टाइपाने मला काही फरक पडला नाही. अक्षरे मोठी झाल्याने आणि त्यांच्यातील अंतर वाढल्याने पडला. शोधपेटीने मात्र फार वाचवले. आज्ञेचे नाव थोडे चुकीचे लिहिले किंवा शब्दांची नुसती आद्याक्षरे टाकली तरी ती बहुधा बरोबर आज्ञा पुढे आणते. ‘इंटरपोलेट’ हा शब्द मी नऊ महिन्यांत एकदाही बरोबर लिहिलेला नाही, आणि तरी दर वेळी माझे काम झाले आहे.

शॉर्टकटसाठी मी टिकल्या वापरल्या. कीफ्रेमच्या, म्हणजे त्या फ्रेमवर नोंद करण्याच्या ‘आय’ कळीवर लाल, हलवण्याच्या ‘जी’वर हिरवी, फिरवण्याच्या ‘आर’वर पिवळी आणि आकार बदलण्याच्या ‘एस’वर काळी अशा आजीच्या पाकिटातल्या साध्या चिकटणाऱ्या टिकल्या मी कीबोर्डवर लावल्या. लॅबमध्ये त्यावरून थट्टा झाली. दोन महिन्यांनी बोटांना जागा पाठ झाल्या आणि टिकल्यांकडे पाहण्याची गरज उरली नाही. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरे कॅपिटल असतात, त्यामुळे छोट्या लिपीतला ‘बी’ आणि ‘डी’ यांचा जुना गोंधळ तिथे होतच नाही, हे तेव्हा प्रथम माझ्या लक्षात आले. इतकी वर्षे कीबोर्ड हाताखाली असून हे मला कधी जाणवले नव्हते.

आकड्यांचा घोटाळा मात्र टिकल्यांनी सुटणारा नव्हता. ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक सरांनी फिल्ममधल्या आजीच्या पात्राविषयी फोनवर सांगितले, “अडुसष्टाव्या फ्रेमवर आजीचा हात जरा लवकर येतो आहे, तेवढा मागे घे.” मी 86 वर गेले, तिथला हात मागे घेतला, त्याच्या मागची-पुढची चित्रे नव्याने काढली आणि चार तासांनी फिल्म पाठवून दिली. जो हात बिघडलेला होता तो तसाच राहिला आणि जो चांगला होता तो बिघडला. मराठीत अडुसष्ट म्हणताना आठ आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, लिहिताना उलटे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’, ‘साठ आठ’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, चेष्टाही पुष्कळ झाली. मी तेव्हा शाळेतच होते आणि घरातल्यांबरोबर मीही हसले होते.

त्या दिवशी मी सरांना परत फोन केला आणि काय झाले ते सांगितले. आजारपण, लाइट गेली, फाईल उडाली, यांपैकी कोणतेही कारण पुढे न करता मला डिस्लेक्सिया आहे हे वाक्य कॉलेजात मी पहिल्यांदा उच्चारले, आणि तेही तिसऱ्या प्रयत्नात. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग मी साठ आठ म्हणत जाईन. चालेल?” सहानुभूतीचे भाषण नाही, काही नाही. पुढे आम्ही आकडेही जवळजवळ सोडून दिले. टाइमलाइनवर मार्कर ठेवता येतात. त्यांना मी क, ख, ग अशी एकेका अक्षराची नावे दिली आणि सर ‘ग च्या थोडे अलीकडे’ अशा भाषेत बोलू लागले. संवादही मी कानानेच बसवले. टाइमलाइन ओढताना आवाज ऐकू येण्याची सोय चालू केली की ध्वनीच्या लहरी पाहत आणि ऐकत ओठांची हालचाल बसवता येते. एकही अक्षर वाचावे लागत नाही.

फाईलींचे नुकसान हा पूर्णपणे माझा दोष होता. ‘फायनल’ हा इंग्रजी शब्द मी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिला होता. फाईली नावानुसार लावल्या की शेवटची फाईल मध्येच कुठेतरी जाऊन बसे, आणि डिसेंबरात एक अख्खा दिवस मी पंधरा दिवसांपूर्वीच्या फाईलवर काम केले. तेव्हापासून नाव एकदाच लिहायचे आणि जतन करताना फक्त अधिकच्या खुणेने आकडा वाढवायचा, हा नियम मी पाळते. अंतिम रेंडरही (संगणकाने पक्की फिल्म तयार करणे) थेट व्हिडिओ न करता 3840 सुट्या चित्रांत केला. लॅपटॉप मध्येच बंद पडला तर झालेली चित्रे वाचतात; तो दोनदा बंद पडला आणि ती वाचली.

आता पाट्यांविषयी. माझी फिल्म एसटी स्टँडवर घडते. एक निरक्षर आजी आणि एक शाळकरी मुलगी गाडीची वाट पाहत असतात. पाटी वाचणे दोघींनाही जमत नाही, आणि दुसरी वाचेल म्हणून दोघीही गप्प बसतात. शिरवळ, मिरज, चिपळूण अशा गाड्या येतात आणि जातात. या पाट्या मी ब्लेंडरच्या मजकुराच्या साधनाने टाईप केल्या होत्या. मी वापरलेल्या 4.5 आवृत्तीत हे साधन देवनागरीची जोडणी करत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची असते, हे त्याला ठाऊक नसल्याने ती नंतर ठेवली जाते आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. पडद्यावर ‘शरिवळ’, ‘मरिज’, ‘चपिळूण’ अशा गाड्या उभ्या होत्या. तीन आठवडे मी त्या रोज पाहत होते आणि मला काहीही खटकले नाही.

सरांनी त्या पाहिल्या आणि त्यांना त्या फार आवडल्या. मुलीला पाट्या जशा दिसतात तशा मुद्दाम दाखवल्या आहेत असे त्यांना वाटले. चूक आहे हे सांगितल्यावरही ती तशीच ठेव, परीक्षकांना लगेच समजेल, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या जागी वर्षभरापूर्वीची मी असते तर मुद्दामच केले म्हणून सुटले असते. मी नाही म्हणाले. अक्षरे नाचतात, उलटी होतात, पानावरून पळतात असे लोकांना वाटते. माझ्या बाबतीत तसे होत नाही. अक्षर जागच्या जागी, बरोबर आकारात उभे असते. त्याचा आवाज तेवढा उशिरा येतो, आणि तोवर गाडी सुटलेली असते. सर्वांना ओळखीचे वाटेल असे खोटे चित्र माझ्याच फिल्ममध्ये का असावे, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. मी वाद घातला याचेच मला नवल वाटत होते.

मग मी पाट्या इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिल्या, मजकुराचे रेषाकृतीत रूपांतर केले आणि त्या एसव्हीजी या रेषाकृतींच्या फाईल-स्वरूपात ग्रीस पेन्सिलमध्ये आणल्या. तिथे वेलांट्या बरोबर येतात. ज्यांना मराठी मजकूर हवा आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून हाच मार्ग धरावा. मुलीच्या नजरेतून दिसणाऱ्या तीन शॉटमध्ये पाट्या अगदी स्वच्छ आणि स्थिर आहेत. फक्त गावाचे नाव पुटपुटणारा तिचा आवाज गाडी निघून गेल्यावर, मोकळ्या फलाटावर ऐकू येतो. आवाजाची ती पट्टी मी 40 फ्रेम उजवीकडे सरकवली. संपूर्ण फिल्ममध्ये मला सर्वांत कमी वेळ लागलेले काम ते, आणि प्रेक्षक सर्वांत जास्त विचारतात तेही त्याच्याचविषयी.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. रेषेत बारीकशी फट राहिली तरी भरलेला रंग बाहेर सांडतो आणि फट शोधत बसावे लागते. चित्र काढण्याचा, संपादनाचा आणि वस्तू हलवण्याचा असे मोड वेगवेगळे असतात. आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे कोपऱ्यातला शब्द वाचूनच कळते, आणि मी तो वाचत नाही, म्हणून रेष काढायला जावे आणि भलतेच काही निवडले जावे असे आजही होते. शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत आहेत. मी ते पाऊण वेगाने ऐकते आणि लेखी मार्गदर्शिका फोनकडून मोठ्याने वाचून घेते. माझ्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पार्श्वचित्रे जड झाली की हालचाल अडखळत असे. छोटा पेन टॅब्लेट मात्र पुरेसा ठरला. ‘फुकटचे सॉफ्टवेअर’ म्हणून घरी जी शंका होती ती 2025 मध्ये ब्लेंडरवर बनवलेल्या ‘फ्लो’ या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळाल्याचे सांगितल्यावर निवळली.

पाट्या, संवाद आणि आकडे यांच्याशी झुंजत असलेल्या कोणाला हे साधन सुचवावे का, असे मला विचारले तर सुचवीन, पण पहिल्या महिन्यात शेजारी बसून मेनू वाचून दाखवणारे माणूस मिळत असेल तर संकोच न करता त्याला बसवावे, असेही सांगेन. मी तो महिना एकटीने काढला आणि त्यातला निम्मा वेळ वाया गेला. लेखी अहवाल मी मराठीत बोलून टाईप केला. हा मजकूरही तसाच लिहिला आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मामेबहिणीने तपासले आहेत; तरी काही राहिले असेल तर ते तिचे समजावे, असे तिला सांगून ठेवले आहे. पुढच्या फिल्मचे काम जूनमध्ये सुरू होईल. तिच्या नावात दोन पहिल्या वेलांट्या आहेत, त्यामुळे नाव मी हातानेच रेखाटणार आहे आणि त्याआधी ते मामेबहिणीकडून कागदावर लिहून घेणार आहे.