नागपूरचं उन्हाळी निवासी शिबिर: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

नववीची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात मी नागपूरला गणित-विज्ञानाच्या 18 दिवसांच्या निवासी शिबिराला गेले होते. आता दहावीची पूर्वपरीक्षाही झाली. शिबिरातून आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं 'खूप मजा आली' एवढंच लिहून झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आमच्या दारव्ह्यात आता दोन-तीन घरांतून विचारणा होते आहे, 'पोरीला पाठवू का?' त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि तिथली शिकवणारी माणसं मनापासून राबणारी होती.

आधी मार्कांचं सांगते, सगळे तेच पहिलं विचारतात. मार्क वाढले नाहीत. पूर्वपरीक्षेत गणित भाग 1 मध्ये 40 पैकी 33 पडले, नववीतही साधारण तेवढेच पडायचे. दहावीचा एकही धडा तिथे घेतला नाही, जेईई-नीटचा तर विषयच निघाला नाही. सुट्टीत पुढच्या वर्षाचा अभ्यास उरकून हवा असेल तर इथे पैसे घालू नका.

पहिल्या तासाला सरांनी सगळ्यांची खोडरबरं एका स्टीलच्या डब्यात जमा करून घेतली. प्रत्येकाला एक 200 पानी वही दिली. लिहायचं पेनानंच, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खालच्या ओळीवर जायचं, पान फाडायचं नाही. शाळेत माझी वही नमुना म्हणून दुसऱ्या तुकडीत फिरायची. एक आकडा चुकला तरी मी पान फाडून सगळं नव्यानं लिहायचे. त्यामुळे पहिले दोन दिवस ती रेघ मारताना अक्षरशः हात अडायचा. सर वहीत डोकावून एकच शब्द विचारायचे, 'काहून?' म्हणजे 'का?' चुकलेल्या ओळीला 'काहून?' आणि बरोबर ओळीलाही 'काहून?' बरोबर ओळीला विचारलेलं जास्त जड जायचं.

तिसऱ्या दिवशी मेसमध्ये जेवता जेवता त्यांनी एक गणित घातलं. 'इथं आपण 48 पोरं-पोरी आहोत. आज कोण किती जणांशी हात मिळवंल मले माहीत नाही. पण निदान दोघांचा आकडा सारखाच येईन. काहून?' मला ते खोटंच वाटलं. एखाद्याचा आकडा 0 ते 47 यातला काहीही असू शकतो, म्हणजे आकडेही 48 आणि माणसंही 48. मग प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा आकडा का येऊ नये? मी 48 ठिपके काढून रेघा जोडत बसले, अर्धं पान काळं झालं. मग तीनच माणसं घेतली, मग चार. दरवेळी दोघांचे आकडे जुळायचेच, पण कारण सापडत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री वीज गेली, कूलर बंद पडला आणि आम्ही सगळ्या मुली शिबिरातल्या ताईंबरोबर गच्चीवर गेलो. तिथे टॉर्चच्या उजेडात लिहिताना एकदम दिसलं. ज्यानं कोणाशीच हात मिळवला नाही असा एक जरी असेल, तर बाकी सगळ्या 47 जणांशी हात मिळवणारा कोणी असूच शकत नाही. 0 आणि 47 एकत्र येऊच शकत नाहीत. म्हणजे आकडे उरले 47 आणि माणसं 48. दोघांना एकच आकडा घ्यावाच लागणार. सकाळी सरांना वही दाखवली. याला कबुतरांच्या खुराड्याचं तत्त्व म्हणतात हे त्यांनी तेव्हा सांगितलं, आधी नाही. त्या पानावर माझ्या 11 आडव्या रेघा आहेत. ते पान मी आजही उघडून बघते.

याचा पुढे उपयोग झाला तो दिवाळीच्या आसपास. वर्तुळाच्या धड्यात स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे प्रमेय आहे. पूर्वी मी ते पाठ करून मोकळी झाले असते. यावेळी वहीत 'काहून?' लिहिलं आणि बसले. स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते, तिचे बाकी सगळे बिंदू वर्तुळाच्या बाहेर. म्हणजे केंद्रापासून सर्वांत जवळचा बिंदू तोच. आणि बिंदूपासून रेषेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे लंब. दीड तास गेला, त्या दिवशीचा बाकी गृहपाठ राहिला आणि शाळेत बोलणी बसली. पण ते प्रमेय आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

रविवारी पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सला नेलं होतं, ऊन चढायच्या आत. तिथला काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. भूगोलाच्या बाईंनी तिथेच स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगितली. 1850 च्या दशकात या मिशनऱ्यानं नागपूरच्या टाकळी भागात लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधोमध गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड झालेले शोधले. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, तिथे तळं साचलं, जीव वाढले आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. पुढे ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज निघालं ते हेच.

माझी खोलीतली मैत्रीण भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीची, तिच्या घरी धान. आमच्या वावरात कापूस. बाई म्हणाल्या, लाव्ह्याचा हा पसारा पूर्वेकडे नागपूरच्या आसपास संपतो, पुढे भंडाऱ्याकडे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. आमची काळी माती लाव्ह्याच्या दगडाची, तिच्याकडची वेगळी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते मला काकांच्या विहिरीवर घेऊन गेले. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा वीतभर पट्टा आहे तिथे. मी तो लहानपणापासून बघत होते.

रामन विज्ञान केंद्र एका दुपारीत झालं, त्याला निदान पूर्ण दिवस हवा होता.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी भाषेची. जाहिरातीत मराठी माध्यमाच्या मुलांनी जरूर यावं असं होतं, पण बाहेरून आलेले दोन शिक्षक पूर्ण इंग्रजीत बोलायचे. प्राइम म्हणजे आपली मूळ संख्या हे कळेपर्यंत अर्धा तास निघून जायचा. आम्ही गावाकडच्या सात-आठ जणी मागे गप्प बसायचो. चौथ्या दिवशी एक ताई रात्री दहा वाजता सगळं पुन्हा मराठीत सांगायला लागली, रोज, स्वतःहून. ती नसती तर मी घरी निघून आले असते. हे तिच्या चांगुलपणावर सोडायला नको होतं.

दुसरी पाण्याची. नागपूरचा मे, पारा 45 च्या वर, आणि मुलींच्या मजल्यावर 24 जणींना चार न्हाणीघरं, पाणी सकाळी तासभर. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं की अंघोळ करायची, असा रोजचा प्रश्न. एका मुलीला ऊन लागलं, दोन दिवस पडून होती. पन्हं रोज द्यायचे, जेवणही चांगलं होतं, रविवारचे तर्री-पोहे तर फारच. पण पाणी ते पाणी.

तिसरी, महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटू असं कबूल केलं होतं. जून आणि जुलैत झालं, नंतर बंद. साकोलीची मैत्रीण आणि मी मात्र दर शनिवारी एकमेकींना एक गणित पाठवतो, उत्तर आठ दिवस सांगायचं नाही.

फी साडेनऊ हजार होती. बाबांनी ती कापसाच्या पैशांतून भरली, तेव्हा मला फार जड वाटलं होतं. पुन्हा जायला मिळालं तर मी जाईन, आणि माझ्या भावालाही पाठवा असं मी घरी सांगितलं आहे.

पाठवणार असाल तर फॉर्म भरायच्या आधी फोन करून दोन गोष्टी नक्की विचारा: तासाला मराठीतून समजावणारं कोणी असतं का, आणि होस्टेलला पाणी किती वेळ येतं. सोबत झाकणाची बादली आणि दोन सुती ओढण्या द्या. खोडरबर देऊ नका, ते पहिल्याच दिवशी डब्यात जातं.