नाशिकमध्ये मेकॅनिकलची पीएच.डी.: मार्गदर्शक प्रॉडक्शनचा, डिझाइनचा की थर्मलचा?

नाशिकमध्ये राहून, आणि बहुधा नोकरी सांभाळून, मेकॅनिकल अभियांत्रिकीत पीएच.डी. करू पाहणाऱ्याला प्राध्यापकांच्या नावापुढे प्रॉडक्शन, डिझाइन आणि थर्मल हे तीनच शब्द पुन्हापुन्हा भेटतात. त्या प्राध्यापकांनी एम.ई. कशात केले, एवढेच बहुतेक वेळा त्यांतून कळते. ते सध्या कशावर काम करतात हे पाहायचे असेल, तर त्यांचे गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध आणि त्यांच्या हाताखाली पूर्ण होऊन ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आलेले प्रबंध उघडावेत, आणि प्रयोग कोणत्या यंत्रावर झाला आहे ते आधी वाचावे. ते यंत्र आपल्या आवाक्यात आहे की नाही, यावर पुढची तीन ते सहा वर्षे कशी जातील हे ठरते.

या कसोटीवर प्रॉडक्शनचे पारडे नाशिकमध्ये निर्विवाद जड आहे. सातपूरला बॉश, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स, आणि सातपूर-अंबडच्या गाळ्यांमधून सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रकाम), वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणे) व ग्राइंडिंग करणारे अनेक लहान कारखाने, अशी परिस्थिती असताना संशोधनाचा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. फ्रेडरिक टेलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडलेले, कटिंगचा वेग आणि टूलचे (धातू कापणाऱ्या हत्याराचे) आयुष्य यांचे नाते सांगणारे समीकरण आजही वापरात आहे. त्यातील घातांक कार्बाइड टूलसाठी साधारण 0.25 धरला, तर कटिंगचा वेग केवळ 20 टक्क्यांनी वाढवल्यास टूलचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. टायटॅनियमसारख्या धातूत ही अडचण अधिक तीव्र होते, कारण त्याच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकीच असल्याने उष्णता चिपबरोबर (कापून निघणाऱ्या धातूच्या कपच्यांबरोबर) निघून न जाता टूलच्या धारेपाशी साचून राहते. म्हणूनच पंपाने कूलंटचा (थंड करणाऱ्या द्रवाचा) लोट सोडण्याऐवजी तासाला 10 ते 100 मिलिलिटर तेल हवेच्या झोताबरोबर फवारण्याची पद्धत हा या शाखेतला जिवंत विषय आहे.

मात्र प्रॉडक्शनच्या मार्गदर्शकाची निवड करताना एका सवयीपासून सावध राहावे. कमी प्रयोगांत अनेक घटक तपासणाऱ्या तागूची पद्धतीच्या एल-9 मांडणीत तीन पातळ्यांचे चार घटक नऊ प्रयोगांत बसतात, आणि या सोयीमुळे तीच मांडणी, तोच वायरकट आणि फक्त धातू बदललेला, असे शोधनिबंध एकामागून एक निघत राहतात. नऊ प्रयोग एका आठवड्यात उरकतात. टूल का झिजले याचे उत्तर त्यांतून क्वचितच निघते. ज्यांच्या प्रबंधांत झिजलेल्या धारेची सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे आणि त्यांवरची चर्चा दिसते, असे प्राध्यापक अशा पंधरा निबंधांच्या यादीपेक्षा मला अधिक भरवशाचे वाटतात.

डिझाइनच्या गटात कंपनशास्त्र आणि बेअरिंगमधील बिघाडाचे निदान हे विषय येतात. येथे खर्च सर्वांत कमी लागतो: एक मोटर, एक शाफ्ट, अॅक्सिलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) आणि एफएफटी अॅनालायझर (कंपनातील वारंवारता वेगळ्या करून दाखवणारे उपकरण) एवढ्यावर काम उभे राहते. गणितही स्वच्छ आहे. मिनिटाला 1,500 फेरे, म्हणजे सेकंदाला 25, घेणाऱ्या शाफ्टवर नऊ गोळ्यांचे बेअरिंग असेल, तर बाहेरच्या कड्याला पडलेली खाच साधारण 90 हर्ट्झच्या आसपास आपली खूण दाखवते. संगणकाची आवड असलेल्यांना हा विषय ओढून घेतो, आणि गोमही तिथेच आहे. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने खुल्या केलेल्या बेअरिंगच्या नोंदींवर मशीन लर्निंग चालवून मोठी अचूकता दाखवता येते, पण त्या बेअरिंगमधील दोष मुद्दाम यंत्राने कोरलेले आहेत. कारखान्यात धूळ आणि अपुऱ्या वंगणाने खराब झालेले बेअरिंग इतके नेमके वागत नाही. म्हणून या शाखेत स्वतःची रिग (प्रयोगाची मांडणी) असलेला, आणि शक्य तर अंबडच्या एखाद्या कारखान्यातून उतरवलेले बेअरिंग तपासणारा मार्गदर्शक शोधावा.

थर्मलमध्ये सिंगल सिलिंडर डिझेल इंजिनावर जैवइंधन चालवून पाहण्याचा विषय आता बराच पिळून झाला आहे आणि नव्या उमेदवाराने तो टाळावा, असे माझे मत आहे. उलट द्राक्षांपासून बेदाणा करताना सुमारे 80 टक्के ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास आणणारे सौर वाळवणी यंत्र, किंवा कांदाचाळीतील हवेचे अभिसरण, हे प्रश्न नाशिक जिल्ह्याचे स्वतःचे आहेत. त्यांची खरी अट हंगामाची आहे: द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे सेन्सर मार्चमध्ये बिघडला की पुढचा प्रयोग वर्षभराने. फक्त सीएफडीवर, म्हणजे हवा-द्रवाच्या प्रवाहाच्या संगणकीय गणितावर, काम करणारे प्राध्यापक हा खोळंबा वाचवतात खरे, परंतु मोजमापाशी न पडताळलेल्या रंगीत आकृत्या तोंडी परीक्षेत टिकवणे अवघड जाते.

त्यामुळे कारखान्यात नोकरी करणाऱ्याने प्रॉडक्शन, प्रोग्रॅमिंग येणाऱ्याने डिझाइन आणि शिवारात जाण्याची तयारी असणाऱ्याने थर्मल निवडावे, असा माझा कल आहे. मार्गदर्शकाचे पद आणि वयही पाहावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा संशोधक घेता येत नाही. नामांकित व्यक्तीकडे जागा रिकामी आहे का, हे अर्जापूर्वीच विचारावे, आणि त्याच भेटीत प्रयोगशाळा सहायकाला ते यंत्र शेवटचे कधी चालवले होते, हेही विचारून घ्यावे.